परांची ‘चालू’ कशी करतात? (पेशीतली स्कॅफोल्ड प्रथिनं आणि त्यांना जागं करणारी रसायनं)

मुकादम_सांगली
नमस्कार मंडळी. मी सिव्हिलवाला. एकतीस वर्षं सांगलीत आणि आसपास बांधकामं केली, आता धंदा मुलगा बघतो. जीवशास्त्र दहावीला सुटलं ते सुटलंच.

माझी भाची बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करते. परवा फोनवर विचारलं, बाई, तू नेमकं करतेस तरी काय? म्हणाली, “मामा, पेशीत स्कॅफोल्ड प्रोटीन असतात, त्यांना ॲक्टिव्हेट करणारी कंपाउंड्स शोधते.” मी म्हटलं, स्कॅफोल्ड म्हणजे आपली परांची? म्हणाली, हो, तीच.

आता परांची हा माझा विषय. बांबूची बांधली, बल्ल्यांची बांधली, नंतर लोखंडी कप-लॉकची. परांची बांधतात, चढवतात, सोडतात. तिच्यावरून माणूस पडतो. पण परांची ‘चालू’ केली असं एकतीस वर्षांत एकाही गवंड्याच्या तोंडून ऐकलं नाही. ती काही करतच नाही, नुसती उभी असते. काम गवंडी करतो. मग तिच्यावर रसायन घालून तिला चालू करायचं म्हणजे काय? भाचीला परत विचारलं तर “मामा, जेल लावलंय, नंतर करते” म्हणून फोन ठेवला. तो ‘नंतर’ अजून आलेला नाही. इथे कोणी सांगेल का, मला समजेल असं?

कांदेपोहे
पहिला! परांचीचं बटण डावीकडून तिसऱ्या बांबूवर असतं काका. :फिदी:
वाचतोय.

शब्दवेधी
आधी शब्दाचं बघू. एका मराठी लेखात याला ‘मचाण प्रथिन’ म्हटलेलं वाचलं आणि वाईट वाटलं. मचाण शिकाऱ्याचं, नाहीतर जोंधळा राखणाऱ्याचं. ‘सांगाडा’ म्हणावं तर तो हाडांचा, शिवाय पेशीला तिचा स्वतःचा वेगळा सांगाडा असतोच. मुंबईकडे रंगारी ‘पहाड’ म्हणतात. मला परांचीच आवडते. पण एक शंका आहे. परांची काम झालं की सोडायची असते. ही प्रथिनं सोडतात का? नसतील तर शब्द चुकला.

अजिंक्यतारा
धागा शंभरी गाठणार. शब्दवेधी आले म्हणजे निम्मे प्रतिसाद व्युत्पत्तीचे.

सायली_क
काका, हा प्रश्न आम्हाला व्हायव्हात विचारतात. मी याच विषयात पोस्टडॉक करते, तेव्हा प्रयत्न करते.

पेशीच्या बाहेर काहीतरी घडतं, समजा एखादं संप्रेरक येऊन पृष्ठभागाला चिकटतं. ती बातमी आत केंद्रकापर्यंत पोचवायची असते. ती हातोहात जाते. खडीच्या ढिगापासून स्लॅबपर्यंत बिगारी रांगेत उभे राहून घमेलं पुढे देतात ना, तसं. या बिगाऱ्यांना कायनेज म्हणतात. राफ मेकला देतो, मेक अर्कला देतो, अर्क वर जाऊन काम करून घेतो.

अडचण अशी की पेशी म्हणजे एक गजबजलेली साईट आहे आणि बिगारी सगळीकडे भटकत असतात. राफला मेक भेटेल तेव्हा भेटेल. शिवाय एकच बिगारी दोन-दोन कामांवर असतो. यीस्टमध्ये स्टे-११ नावाचा कायनेज आहे. समोरच्या यीस्टशी लग्न लावायच्या कामातही तो असतो आणि बाहेर मीठ वाढलं तर पेशी सांभाळायच्या कामातही तोच. मग एकीकडची बातमी दुसरीकडे का जात नाही? कारण लग्नाच्या कामात स्टे-५ नावाचं प्रथिन स्टे-११, स्टे-७ आणि फस-३ या तिघांना आपल्या अंगावर ओळीने उभं करतं. मिठाच्या कामात ती जागा पीबीएस-२ घेतं. बिगारी तोच, परांची वेगळी, म्हणून स्लॅब वेगळा. स्टे-५ स्वतः घमेलं देत नाही, इथपर्यंत तुमचं बरोबरच आहे.

आता ‘चालू’ करण्याचं. तुमची परांची गोदामात पडलेली असते तेव्हा ती परांची असते का? बल्ल्या आहेत, क्लॅम्प आहेत, फळ्या आहेत, पण भिंत तिकडे आणि हे इकडे. स्टे-५चं तसंच आहे. एरवी ते मिटून बसलेलं असतं. शेजारच्या यीस्टकडून अल्फा फॅक्टर नावाचा १३ अमिनो आम्लांचा तुकडा आला की पेशीच्या पडद्याजवळ हालचाल होते, स्टे-५ पडद्यापाशी ओढलं जातं, त्याची घडी सैल होते आणि घमेली फिरायला लागतात. चालू करणं म्हणजे एवढंच: मिटलेलं उघडणं, योग्य भिंतीला लागणं, आणि लागल्यावर हलू न देणं. यातली कुठलीही एक गोष्ट करणारं रसायन मिळालं की आम्ही पेपर लिहितो.

@शब्दवेधी, काही परांच्या सुटतात, काही कायमच्या असतात. शब्द राहू द्या.

नानबा_मुलुंड
उपमा छान, पण एक दुरुस्ती. तेच घमेलं पुढे जात नाही. राफ मेकवर फॉस्फेट नावाची छोटी रासायनिक खूण लावतो, पण मेक ते काढून अर्कला देत नाही. प्रत्येक जण एटीपीकडून (पेशीतलं इंधन) नवीन फॉस्फेट घेऊन पुढच्याला लावतो. म्हणजे प्रत्येक बिगारी पुढच्याच्या पाठीत एक धपका घालतो, तेव्हा तो हलतो.

मुकादम_सांगली
सायलीताई, गोदामाचं पटलं. आणि नानबा, धपक्याचं तर जास्तच पटलं, आमच्या साईटवर तसंच चालायचं.

ऋतुजा१९
मी विज्ञानाची नाही, पण हे वाचून विचारावंसं वाटलं. बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट २०१६ला झालं. किडनी आईची. तेव्हापासून टॅक्रोलिमस चालू आहे, सकाळ-संध्याकाळ, बारा तासांनी, घड्याळ लावून. त्याची रक्तातली पातळी तपासायची तर सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यावं लागतं. एकदा एका लॅबच्या मुलाने उशिरा येऊन, बाबांना गोळी घ्यायला लावून मग रक्त घेतलं. रिपोर्ट आला तो भलताच चढा, आणि डोस कमी करायची वेळ आली होती. नशीब आईने वेळ लिहून ठेवली होती. वहीत तारीख, गोळीची वेळ, रक्ताची वेळ असे तीन रकाने आखलेत तिने, बिलाच्या वहीसारखे.

आणि पपनस बंद. आमचं घर कोकणातलं, गणपतीत पपनसाशिवाय फळांचा थाळा लागत नाही. बाबा दरवर्षी त्याच्याकडे बघून उसासा टाकतात.

प्रश्न असा की मला एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही गोळी ‘दोन प्रथिनांना एकत्र चिकटवते’. ती या परांचीतलीच का?

सायली_क
ऋतुजा, आईंच्या वहीला नमस्कार.

टॅक्रोलिमस याच घराण्यातलं, पण चुलत. ही गोळी आपल्या पेशीतल्या एफकेबीपी-१२ नावाच्या छोट्या प्रथिनाला बसते. दोघांचं मिळून जे नवीन तोंड तयार होतं, ते कॅल्सिन्युरिन या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन धरतं. एकट्या गोळीला ते जमत नाही, एकट्या एफकेबीपीलाही नाही. कॅल्सिन्युरिन अडकलं की एनफॅट नावाचा निरोप्या केंद्रकात जात नाही, रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशी इंटरल्युकिन-२ हा हल्ल्याचा संकेत बनवत नाहीत, आणि आईंच्या किडनीवर ‘परकी’ म्हणून हल्ला करावासा बाबांच्या शरीराला वाटत नाही. हे १९९१ साली हार्वर्डच्या श्रायबर यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. अशा औषधांना आता ‘मॉलिक्युलर ग्लू’ म्हणतात. गोंद. एफकेबीपीला परांची म्हणता येणार नाही, पण जी प्रथिनं एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत त्यांना रसायन घालून शेजारी उभं करता येतं, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसायला या औषधांनी मदत केली.

पपनसाचं वेगळं आहे. त्यातली आणि ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं आतड्यातलं सीवायपी-३ए-४ हे औषध मोडणारं प्रथिन बंद पाडतात, म्हणून औषध मोडलं जात नाही आणि रक्तात जास्त जातं. डॉक्टर म्हणतात तर बंदच ठेवा.

द्राक्षबाग
मी शेतकी पदवीधर, तासगावकडचा. तुम्ही सगळे यीस्ट आणि माणसातच अडकलात. झाडातलं एक सांगतो, आमच्या पॅथॉलॉजीच्या सरांनी शिकवलेलं आणि कायमचं लक्षात राहिलेलं.

बदाम आणि पीचच्या झाडावर एक बुरशी येते. ती फ्युसिकोक्सिन नावाचं द्रव्य सोडते. इटलीतल्या संशोधकांनी ते १९६४ साली जाहीर केलं. झाडाच्या पेशीच्या पडद्यावर प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप असतो. त्या पंपाला एक शेपूट आहे, ती शेपूट पंपाला लगाम घालते. १४-३-३ नावाचं प्रथिन येऊन शेपटीला धरतं तेव्हा लगाम सुटतो आणि पंप चालू. एरवी ते धरतं आणि सोडतं, गरजेप्रमाणे. फ्युसिकोक्सिन नेमकं त्या दोघांच्या सांध्यातल्या खाचेत जाऊन बसतं. झालं, आता सुटायचं नावच नाही. पंप अहोरात्र चालू, रक्षक पेशी फुगलेल्या, पर्णरंध्रं सताड उघडी. दुपारच्या उन्हातसुद्धा मिटत नाहीत. मुळं पाणी कितीही ओढू देत, पानातून उडून जातं आणि फांदी माना टाकते.

नळ तुटला तर वॉशर बदलता येतो. इथे नळ तुटलेला नाही, कोणीतरी चावी उघडून तिच्यात पाचर ठोकली आहे. मुकादम काका, पाचरीचं तुम्हाला सांगायला नको.

शब्दवेधी
१४-३-३ हे काय नाव आहे? गट नंबर?

द्राक्षबाग
जवळपास तसंच! १९६७ साली मेंदूतली प्रथिनं वेगळी करताना पहिला आकडा कितव्या नळीत उतरलं त्याचा, पुढचे जेलमध्ये कुठे थांबलं त्याचे. नाव नंतर ठेवू म्हणाले असतील, राहूनच गेलं.

कांदेपोहे
म्हणजे सातबारा. :फिदी:

अवांतर: आमच्या आज्जीकडे एक रसायन होतं, ते घेतलं की अख्ख्या वाड्याची परांची चालू व्हायची. जमालगोटा.

सायली_क
कांदेपोहे, तुम्ही विनोद केलात पण नेम बरोबर लागला. जमालगोट्याच्या तेलात फॉर्बॉल एस्टर असतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीझरमध्ये त्यातलाच एक, टीपीए, छोट्या कुपीत असतो आणि आम्ही हातमोजे घालून घेतो. पेशीतलं डायॲसिलग्लिसरॉल क्षणभर येतं आणि जातं. फॉर्बॉल एस्टर त्याची हुबेहूब नक्कल करतो आणि जात नाही. तो प्रथिन कायनेज-सीला जागं करतो, हे १९८२ साली कोबे विद्यापीठातल्या निशिझुका यांच्या गटाने दाखवलं. जागं झालेलं कायनेज-सी मग रॅक-१ नावाच्या परांचीला जाऊन बिलगतं. रॅक हे नावच ‘जागं झालेल्या सी कायनेजला धरणारा’ असं आहे. इथे रसायनाने परांची नाही, बिगारी जागा केला. उंदरांच्या कातडीवर हे तेल पुन्हा पुन्हा लावलं तर आधी कर्करोगाचं बीज पडलेलं असेल तिथे गाठी वाढीला लागतात, म्हणून कर्करोगाच्या अभ्यासात ते फार जुनं आहे.

वैद्यबुवा
सायलीताई, अर्धवट सांगू नका, लोक घाबरतील. जयपाळ, म्हणजे जमालगोटाच, कच्चा कोणी देत नाही. साल आणि आतला अंकुर काढून, पोटलीत बांधून गाईच्या दुधात दोलायंत्राने शिजवून शोधन करतात, मगच इच्छाभेदी रस या जुलाबाच्या औषधात जातो. तोही मात्रेत.

नानबा_मुलुंड
वैद्यबुवा, शोधनानंतर फॉर्बॉल एस्टर किती उरतात ते मोजून दाखवा, मग बोलू.

वैद्यबुवा
तुम्ही तुमच्या गोळ्यांचे दुष्परिणाम मोजून दाखवा, मग आपणही बोलू.

अजिंक्यतारा
पॉपकॉर्न.

व्यवस्थापक
आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी यावर स्वतंत्र धागे आहेत. इथले पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर या.

नानबा_मुलुंड
बरं, विषयावर येतो. मी औषध कंपनीत होतो, निवृत्त आहे. गोळ्यांचं मोजूनच दाखवतो, आणि आमच्याच बाजूची फजिती सांगतो.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला डीएमएक्सएए नावाचं रसायन बनवलं. उंदरांना दिलं की गाठीचा रक्तपुरवठाच कोसळायचा. गाठी आतून काळ्या पडायच्या. निकाल इतके सुंदर की माणसांवरच्या चाचण्या थेट तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेल्या, फुप्फुसाच्या कर्करोगात. २०१० साली ती चाचणी पडली. औषध दिलेले आणि न दिलेले यांच्यात फरकच नाही. सगळे डोकं खाजवत बसले.

उत्तर २०१३च्या सुमारास मिळालं. डीएमएक्सएए ज्याला धरतं ते प्रथिन म्हणजे स्टिंग. स्टिंग स्वतः कायनेज नाही. विषाणूचा डीएनए पेशीरसात दिसला की सीगॅम्प नावाचा छोटा रेणू तयार होतो, तो स्टिंगच्या खाचेत बसतो, वरून झाकण मिटतं, स्टिंगचे रेणू एकमेकांना चिकटून रांग धरतात आणि त्या रांगेवर टीबीके-१ हा कायनेज आणि आयआरएफ-३ हा निरोप्या शेजारी शेजारी उभे राहतात. मग इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्धची हाक. म्हणजे मुकादमांची परांचीच. आणि डीएमएक्सएए उंदराच्या स्टिंगमध्ये चपखल बसतं, माणसाच्या स्टिंगमध्ये बसतच नाही! प्रयोगशाळेत मानवी स्टिंगमधली एक-दोन अमिनो आम्लं बदलली तर बसायला लागतं. इतकाच फरक. पण तो कळेपर्यंत किती रुग्णांच्या शिरेत ते गेलं याचा हिशेब करा. औषध कोणत्या खाचेत बसतं हे माहीत नसताना ते तिसऱ्या टप्प्यापर्यंत नेलं, याला मी विज्ञान म्हणणार नाही, घाई म्हणेन.

ऋतुजा१९
अरे बापरे. म्हणजे उंदरांचं औषध खरंच उंदरांचंच निघालं.

सायली_क
नानबा, ‘घाई’ जरा कडक वाटतं. त्या काळी स्टिंग हे प्रथिनच कोणाला ठाऊक नव्हतं, ते २००८मध्ये सापडलं. खाच माहीत नसताना चाललेली औषधं पुष्कळ आहेत, ॲस्पिरिन धरून.

नानबा_मुलुंड
मान्य, पण अर्धंच.

गुळपोळी
मी इथे फक्त वाचते, पण कर्करोग विभागात काम करते म्हणून एक भर घालते. नको असताना रांग चालू होण्याचं उदाहरण वेमुराफेनिब हे औषध. २०११ला मान्यता मिळाली. त्वचेचा मेलॅनोमा हा कर्करोग, त्यात बीराफचा (राफचाच एक प्रकार) एक ठरावीक बिघाड असेल तर गाठी झपाट्याने वितळतात. पण काही महिन्यांत बऱ्याच जणांच्या अंगावर दुसऱ्याच प्रकारच्या गाठी उगवायच्या. कारण ज्या पेशीत बीराफ धड आहे आणि वरून रास नावाचं प्रथिन ढकलतंय, तिथे हेच औषध एका राफला बसून त्याची शेजारच्या राफशी जोडी जमवतं. बसलेला बंद, शेजारचा मोकाट. बंद करायला गेलेलं औषध रांग चालू करून येतं. मेकला अडवणारं दुसरं औषध जोडीला दिलं की हे बरंच कमी होतं. हल्ली दोन्ही एकत्रच देतात.

मुकादम_सांगली
चार दिवस बाहेरगावी होतो, सगळं आज वाचून काढलं. काही डोक्यावरून गेलं, पण फ्युसिकोक्सिनची पाचर आणि उंदराची परांची पक्की बसली.

आता माझी दुसरी शंका. परांची लागली की काम होतं, तर मग भरपूर परांच्या उभ्या केल्या तर काम जास्त होणार का? भाचीचं रसायन जितकं जास्त तितकं बरं?

सायली_क
नाही. आणि हे ऐकून आमचे विद्यार्थीही पहिल्यांदा गोंधळतात. २००० साली कॅलटेकच्या लोकांनी गणित मांडून दाखवलं, की परांची वाढवत गेलं तर बातमी आधी वाढते, एका टोकाला पोचते आणि मग उतरते. समजा राफ दहा, मेक दहा, अर्क दहा. परांच्या दहा असतील तर तिघे एकत्र येण्याची शक्यता बरी. परांच्या हजार केल्या तर एका परांचीवर एकटा राफ, दुसरीवर एकटा मेक, तिसरीवर अर्क. प्रत्येकाला ऐसपैस जागा आणि शेजारी कोणीच नाही. केएसआर नावाच्या परांचीबद्दल लोक बरीच वर्षं भांडत होते, ती बातमी वाढवते की दाबते. दोन्ही बाजूंचे प्रयोग खरे होते. कोणी थोडी घातली होती, कोणी पोत्याने.

मुकादम_सांगली
ताई, हे मी बघितलंय. अगदी असंच.

मिरजेजवळ एका शाळेचं बाहेरचं प्लास्टर होतं. पावसाच्या आत उरकायचं म्हणून मी दुप्पट सामान भाड्याने आणलं आणि चारही बाजूंना एकदम परांच्या चढवल्या. बिगारी मात्र तेच आठ. झालं काय, एक गडी उत्तरेला दुसऱ्या मजल्यावर, एक पूर्वेला पहिल्या फळीवर. खालून कालवलेला माल द्यायला कोणी नाही, वर घ्यायला आहे तो नुसता थापी घेऊन उभा. घमेल्यात माल सुकून जायचा. माझा जुना गवंडी खाली उतरला, तंबाखू मळली आणि म्हणाला, “मालक, फळ्या झाल्या लई आन् माणसं गेली पांगून.” दुसऱ्या दिवशी तीन बाजू सोडून टाकल्या. एका बाजूला आठही जण लावले, तेव्हा कुठे काम सरकलं. सामानाचं भाडं अंगावर पडलं ते वेगळं.

नानबा_मुलुंड
या गवंड्याला कॅलटेकने बोलवायला हवं होतं.

शब्दवेधी
शब्द मागे घेत नाही म्हणालो होतो का मी? नाही ना? तर मग परांची प्रथिन. शिक्कामोर्तब.

मुकादम_सांगली
काल भाचीचा फोन आला, स्वतःहून. शाळेच्या प्लास्टरची गोष्ट तिला सांगितली तर आधी हसली, मग म्हणाली, “मामा, थांब, लिहून घेते.” तिचं रसायन पेशीवर टाकलं की थोड्या मात्रेला सिग्नल वाढतो आणि जास्त मात्रेला खाली येतो. दोन महिने तिला वाटत होतं, रसायन खराब झालंय किंवा आपलं पिपेटिंग चुकतंय. गाईडनेही तीनदा परत करायला लावलं. आता दोघी मिळून परांच्या मोजणार आहेत म्हणे, कशा ते मला कळलं नाही.

पुढच्या महिन्यात तिचं सेमिनार आहे. पहिल्या स्लाईडवर तिला बांबूच्या परांचीचा फोटो हवाय, सुंभाने बांधलेल्या, वर माणसं असलेल्या. मी कालपासून सांगली पालथी घातली, सगळीकडे लोखंडी कप-लॉक. कोणाकडे आहे का?

अजिंक्यतारा
काका, दादरला आमच्या समोरच्या चाळीला रंग चाललाय. बांबूच आहेत, वर चार जण. पण सुंभ नाही, निळी नायलॉनची दोरी आहे. चालेल?

मुकादम_सांगली
चालेल. गाठ नीट दिसेल असा काढा.

अजिंक्यतारा
व्यनि (खासगी निरोप) केलाय. तिसऱ्या फळीवरचा डबा खात बसलाय, त्याला कापून घ्या.

सायली_क
कापू नका, राहू द्या त्याला. प्रत्येक पेशीत असतो तसा एक.